रविवारचं वजन

आदिलाबादच्या मार्केट यार्डात मी बावीस वर्षं एका जिनिंग कारखान्यासाठी कापूस घेतो. गाडीत कोपरापर्यंत हात घातला की वजन वाढवायला आत पाणी मारलंय की नाही ते मला कळतं. ओलावा मोजायचं यंत्र नंतर लागतं, तेही शेतकऱ्याला पटवण्यापुरतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या मुलीनं दहावीच्या वर्षी जेवण तोडलं. तो आजार आहे हे समजायलाच आम्हाला कितीतरी महिने लागले. तोवर दृष्ट काढून झाली, ओरडून झालं. एकदा मी तिचा हात धरून तिला ताटावर बसवलंही होतं. मग डॉक्टर, औषधं, आणि हैदराबादहून फोनवर बोलणाऱ्या एक समुपदेशक म्याडम. वर्षभरानं ती आमच्याबरोबर बसून पोटभर जेवली, त्या दिवशी माझ्या बायकोनं उगाचच शेजारी शिरा वाटला.

या म्याडमांचा एक गट होता. ज्या घरांनी हा आजार पाहिला, त्यांनी नव्या घराला सोबत द्यायची. मुलीनं मुलीशी बोलायचं, बापानं बापाशी. आम्हाला आधी शिकवलं गेलं. उपचार सांगायचे नाहीत. वजन विचारायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण त्यांच्या घरात आठवडा कसा गेला ते ऐकायचं. आणि धोक्याचं काही कानावर आलं तर त्याच दिवशी म्याडमना कळवायचं. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

आमच्या वाट्याला बोथ गावचं एक घर आलं. बापाचं किराण्याचं दुकान, मुलगी पंधरा वर्षांची. पहिल्या फोनवर त्यानं आधी माझं नाव-गाव विचारलं. मग म्हणाला, “भाऊ, लोक हासतात. म्हणतात, दुकानात पोत्यानं धान्य हाय, अन् घरात पोरगी उपाशी.”

“आमच्याकडे पण असंच म्हणत होते,” मी म्हणालो.

“मंग तुमची पोरगी जेवते आता?”

“जेवते.”

फोनवर त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. माझ्या एका शब्दानं कोणाला एवढं बरं वाटावं, हे यार्डात कधी घडलं नव्हतं.

आम्ही दर रविवारी बोलायचो. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, “वजन घेता का?”

“घरी कुठून? दुकानात पोत्यांचा काटा हाय.”

“मग त्याच्यावर घ्या. दर रविवारी सकाळी. मला सांगत जा.”

नियम मला पाठ होता. पण आमच्या धंद्यात तोंडाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, काट्यावर ठेवतात. साखरेचं पोतं उतरवून त्या जागी पंधरा वर्षांची मुलगी उभी करायला मी सांगितलं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

काट्याचे पहिले दोन रविवार वजन उतरतच होतं. पुढच्या रविवारी त्याचा फोन सकाळी आठलाच आला. “भाऊ, वाढलं! बाप्पा, तुमच्या बोलण्याले गुण हाय!”

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आता पाटी लावा दारावर. कापूस अन् पोरी, दोन्ही तपासून मिळतील.” आम्ही हसलो. मला ती थट्टा आवडली होती, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी यार्डात एका म्हाताऱ्याच्या गाडीत मी हात घातला.

“काका, पाणी काऊन मारलं?”

“दव पडलं साहेब.”

“दव वरून पडते. हे तर आतून ओलं हाय.”

आजूबाजूचे हमाल हसले, म्हाताराही हसला. मी हात बाहेर काढला. बोटं ओली होती, आणि त्याच क्षणी मला बोथचा फोन आठवला. वजन एका आठवड्यात एकदम चढलं होतं. पण तोच बाप बोलता बोलता म्हणाला होता की पोरगी भरदुपारी स्वेटर घालून झोपते, हात बर्फासारखे लागतात. माझ्या मुलीनंही एकदा डॉक्टरांकडे वजनाआधी पोटात पाणी भरलं होतं. अशानं मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी तेव्हा आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. मी हात पँटला पुसला आणि पुढच्या गाडीकडे गेलो.

संध्याकाळी माझी मुलगी जवळ आली. ती आता इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. “बाबा, बोथवाली पाणी पिऊन काट्यावर उभी राहते. आज तिनंच सांगितलं. म्याडमना फोन करते मी.”

“थांब जरा,” मी म्हणालो.

“काऊन?”

“तिचा बाप किती दिवसांनी खूश झाला, माय. येत्या रविवारी मीच त्याला नीट समजावतो.”

“म्याडम म्हणाल्या होत्या, त्याच दिवशी.”

“मी सांगतो ना.”

ती मग ‘बरं’ म्हणाली. आठवडाभर मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. त्याचा आनंद मोडू नये म्हणून थांबलो, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्या चढलेल्या वजनात माझंही नाव होतं.

रविवारी आठला फोन वाजला. “भाऊ, पोरगी काट्यावरच पडली. झटके येऊन राह्यले. गाडी केली, आदिलाबादले आणतो.”

दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पाण्यानं रक्तातलं मीठ उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्याडमनी आम्हा बापलेकीला फोनवर एकत्र घेतलं आणि विचारलं, “हे कोणाला आधी माहीत होतं का?”

घरी खाटेवर मी माझ्या मुलीच्या शेजारीच बसलो होतो.

“मला,” ती म्हणाली. “सोमवारी कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तोंड उघडलं नाही. म्याडम तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या, आणि मी ते ऐकत बसलो.

त्या रात्री जेवताना तिनं भाकरीचे बारीक बारीक तुकडे केले आणि ताटाच्या कडेनं मांडले. दोन वर्षांपूर्वी सुरुवात अशीच झाली होती.

सकाळी मी दवाखान्यात गेलो. बोथचा बाप वॉर्डाबाहेर बाकावर होता. त्याच्या मुलीनं डोळे उघडले होते, पण ती अजून माणसं नीट ओळखत नव्हती.

“मला आठवडाभर आधी माहीत होतं,” मी म्हणालो. “माझ्या पोरीला मीच गप्प बसवलं. अन् काट्याचं मी सांगायलाच नको होतं.”

 “मले तर तुमीच एक माणूस भेटले होते, भाऊ,” तो म्हणाला. मग उठून आत गेला. पडदा ओढून घेतला.

दवाखान्याच्या पायरीवरूनच मी म्याडमना फोन केला. सगळं सांगितलं. भाकरीच्या तुकड्यांचंही. सोबतीचं माझं काम म्याडमनी तिथंच थांबवलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीला उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या.

घरी येऊन मुलीला म्हणालो, “मी खरं सांगून टाकलं. बोथवाल्यांना, अन् म्याडमना.”

“माझं पण सांगितलं? जेवणाचं?”

“हो. उद्या डॉक्टरांकडे जायचं.”

“वजन करतील?”

“करतील.”

ती संध्याकाळभर खोलीत होती, ताटावर आली नाही. पहाटे मला जाग आली ती माठावरचं झाकण उचलल्याच्या आवाजानं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

“तहान लागली,” ती म्हणाली.

खरंही असेल. माझा हात कापसात ओळखतो, इथं नाही. मी तिच्या हातून तांब्या घेतला नाही. पाट ओढून तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “किती प्यायलीस ते डॉक्टरांना आपण दोघं मिळून सांगू.”

ती तांब्या धरून तशीच उभी राहिली.