विसरलेल्या बाटल्या

हवामान बदलतंय म्हणून प्रत्येक मुलाने एक झाड जगवायचं, असा आदेश चोपड्याला आमच्या घरासमोरच्या शाळेत आला. रोपं लागली, त्यांवर मुलांच्या नावांच्या पाट्या लागल्या, फोटो निघाले, सगळे मोकळे झाले.

मे महिन्याच्या सुटीत मात्र मुलांची ने-आण करणारे रिक्षावाले आबा रोज सकाळी यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मुलं रिक्षात विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या ते भरून आणत आणि ज्याची बाटली, त्याच्याच रोपाला ओतत, अगदी शेवटचा थेंब झटकून.

"आबा, सुटी आहे ना?"

"पोरेस्ले शे. झाडेस्ले कसानी सुटी?"

जूनमध्ये रिक्षातून उतरताच मुलं रोपांकडे धावली. "मी जगवलं! मी जगवलं!"

आबांनी एकेकाला त्याची बाटली दिली आणि दटावलं, "आते इसरू नका रे."