शेवाळ काढणारे हात

सोसायटीच्या फरशीवर शेवाळ धरलं म्हणून सुनेने गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ओतला. त्या वासाने मी थेट काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या चौकात पोचले.

संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. कुणी घसरू नये म्हणून आईने सोडा टाकून काथ्याने अख्खा चौक घासला होता. बोटं सोलवटली होती. संध्याकाळी चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, बायकांनी वर गॅलरीत थांबा. खाली पुरुष बसतील."

"शेवाळ काढताना कुठे होते तुमचे पुरुष?" म्हणत आई पहिल्याच सतरंजीवर मांडी ठोकून बसली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आज मीच सुनेला विचारलं, "संध्याकाळी इथे मीटिंग आहे, तू बसणार ना?"

"नाही आई, तुमचा मुलगाच बसतो नेहमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग उरलेली फरशी त्यालाच घासू दे!"