गोदाकाकूंच्या मुंग्या

सोनाळ्याच्या आमच्या गल्लीत कुरडयांचे गहू भिजत घालायचे तर आधी गोदाकाकूंना विचारायचं, अशी रीतच होती. गहू तीन दिवस भिजणार, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि कडक उन्हात कुरडया घालायच्या. नेमकं तेव्हा आभाळ आलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून काकू पदर खोचून अंगणातल्या मुंग्यांच्या बिळापाशी उकिडव्या बसत. मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून उंचावर निघाल्या की पाऊस जवळ आला. चिमण्या मातीत न्हाऊ लागल्या तरी तेच, पण शेवटचा शब्द मुंग्यांचा.

मी मोबाईलवरचा अंदाज दाखवला की त्या हसत. "मोबाईल अख्ख्या तालुक्याचं सांगते, बाई. मुंगी आपल्या आंगनाचं सांगते." त्यांचं म्हणणं खरं ठरलं की दिवसभर त्यांचा तोरा बघावा, जणू ऊन त्यांनीच पाडलंय! आणि रागावल्या तर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. तरी मला त्या फार आवडत.

माझ्या लग्नाच्या वर्षी आईने रुखवतातल्या कुरडयांसाठी त्यांना विचारलं. घरातलं पहिलं लग्न, व्याह्यांकडच्या बायका नावं ठेवतील याची तिला धास्ती. मोबाईल पाऊस सांगत होता. काकूंनी अंगणात पाहिलं, एकही मुंगी बाहेर नव्हती. घाला बिनघोर, म्हणाल्या. आईने गहू भिजत घातले.

कुरडया घालायच्या सकाळी पातेल्यात चीक रटरटत होता आणि गारांसकट पाऊस कोसळला. आई चुलीपुढे बसून रडली. काकू भिजतच आल्या, तिच्याकडे पाहिलं आणि उलट पावली आपल्या अंगणात जाऊन त्यांनी बीळ उकरलं. आत काहीच नव्हतं. सून सुनंदाने धान्याला मुंग्या लागतात म्हणून तिथे पावडर टाकली होती. ती दारात पांढरीफटक उभी. आता काकू गल्ली डोक्यावर घेणार, असंच आम्हाला वाटलं.

"मुंग्या खोटं नाही बोलल्या," काकू हळूच म्हणाल्या. "बोलाले त्या राह्यल्याच नव्हत्या. मले वाटलं, सगळं बरं हाये. चूक माही हाये, सुनंदे."

मग त्यांनी गरम चिकात तूप-गूळ घालून साऱ्या गल्लीला वाढलं. आईला बळेच दोन वाट्या खायला लावल्या. संध्याकाळी आपल्या डब्यातल्या जुन्या कुरडया घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने रुखवतात मांडल्या. सासूबाईंना त्या फार आवडल्या.

काकू या हिवाळ्यात गेल्या. उन्हाळ्यात माहेरी आले तर आई गहू निवडून तशीच बसलेली. कोणाला विचारावं, हेच तिला सुचेना. शेवटी आम्ही दोघी काकूंच्या घरी गेलो. सुनंदा अंगणात उकिडवी बसली होती. तिच्यासमोर बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी चिमूटभर पीठ.

"थांबा दोन दिवस, काकी," ती आईला म्हणाली. "अंडे घेऊन निघाल्या हायेत."

मी मोबाईल काढला. त्यात लख्ख ऊन होतं. घरी येऊन आईने गहू परत कोठीत ओतले.