सभेचा ठराव आणि पाटलांचं ताट

महादेवराव पाटील चौथीच्या वर्गात तरटावर मांडी घालून बसले होते आणि त्यांचा हात वर होता. बोलायची परवानगी मागत होते. परवानगी देणारी सुमन मडावी चौथीतलीच, दोन वेण्यांची, आणि पाटलांच्या आधी गजाननचा हात वर गेला होता.

"आबाजी, थांबा जरा. पहिले गजानन बोलते," ती म्हणाली.

फळ्याजवळची खिडकी उघडत नाही, एवढंच गजाननला सांगायचं होतं. त्याने ते सावकाश सांगितलं. ग्रामपंचायतीत ज्यांनी घसा खाकरला की बाकीचे गप्प होत, ते पाटील हात वर धरून खिडकीची हकिकत ऐकत होते. मी दाराशी उभी होते. हसू फुटत होतं आणि भीतीही वाटत होती.

भीतीला कारण होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सिंदी रेल्वे नावाच्या गावापासून आत, एका खेड्यात मिशनची प्राथमिक शाळा होती आणि मी तिथे शिक्षिका होते. शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाली की मुलगे सिंदीच्या शाळेत जात आणि मुली घरी बसत. मध्ये नाला होता, रेल्वेलाइन होती, आणि बापांना तेवढं कारण पुरेसं होतं. म्हणून आम्हाला पाचवीचा वर्ग हवा होता. त्याला मान्यता लागायची. मान्यतेसाठी विस्तार अधिकारी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, लवकरच येणार होते. साहेब गावात आले की आधी पाटलांना विचारणार, "शाळा कशी आहे?" आणि पाटील त्या वेळी आमच्यावर भयंकर चिडलेले होते.

मुळात हे सगळं सिस्टर आग्नेस नागपूरच्या शिबिराला जाऊन आल्या तेव्हा सुरू झालं. सिस्टर आमच्या हेडमिस्ट्रेस. केरळच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे शब्द भारदस्त आणि त्यांचं लिंग कोणतंही. शिबिरात त्यांना कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण शिकवली होती. समाजात माणसाने माणसाशी कसं वागावं, त्याबद्दल चर्चचं म्हणणं. परत आल्यावर शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा शिक्षकांना बसवलं. आमच्यात एकही ख्रिस्ती नव्हता.

"पहिली तत्त्व, मानवी प्रतिष्ठा," सिस्टर म्हणाल्या. "प्रत्येक माणूस देवाचा प्रतिमा आहे."

देवतळे गुरुजी मान डोलावत होते. ते सगळ्यांत जुने शिक्षक. नोकरीत आजवर वादात पडले नव्हते आणि पुढेही पडायचं नव्हतं.

"दुसरी तत्त्व, पूरकता."

हा शब्द कुणालाच कळला नाही. सिस्टरांनी सोपं करून सांगितलं. लहानांना जो निर्णय स्वतः घेता येतो, तो मोठ्यांनी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. गावाला जमतं ते गावाने ठरवावं, घराला जमतं ते घराने. मोठ्यांनी फक्त मदत करावी.

गुरुजींनी विचारलं, "सिस्टर, हे इन्स्पेक्शनमध्ये विचारतात काय?"

"नाही, गुरुजी."

"मग बरं," गुरुजी म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात सिस्टरांनी चौथीची सभा सुरू केली. वर्गातले जे प्रश्न मुलांना सोडवता येतील, ते सभेने सोडवायचे. हात वर करून बोलायचं, हात वर करून मत द्यायचं. ठराव झाला की तो सगळ्यांना लागू. सुमनला मुलांनीच अध्यक्ष केलं, कारण तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. सुमनचे आईवडील गोंड, पाटलांच्याच वावरात मजुरी करायचे.

सभेने पहिला ठराव केला, की बाजाराच्या दिवशी शाळा बंद. सिस्टर गोऱ्यामोऱ्या झाल्या. शाळेच्या सुट्ट्या वर्गाच्या हातात नसतात, हे समजावून त्यांनी तो परत घ्यायला लावला. दुसऱ्या सभेत मात्र सुमन उभी राहिली आणि तिने भलताच विषय काढला.

दुपारी शाळेत मुलांना दलिया मिळायचा. जेवण झालं की काही मुली सगळ्यांची ताटं गोळा करून टाकीजवळ राखेने घासायच्या. त्या नेहमी मजुरांच्याच पोरी असत. कुणी नेमलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं आणि माझ्यासकट कुणाच्या डोळ्यांना ते खुपलं नव्हतं.

"खाते सगळे," सुमन म्हणाली, "मंग राखेत हात आमचेच काऊन?"

पाटलांची नात नलू पहिल्या रांगेत बसायची. तिने हात वर केला. "जो जेवला त्यानं आपलं ताट घासावं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून विचारलं, "गुरुजीपण?"

मुलांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "गुरुजीपण. मीपण. जो इथे जेवते, ती सगळे."

ठराव झाला. देवतळे गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून दुपारी उपास सुरू केला.

नलूने घरी जाऊन आनंदाने हात दाखवले. नखांत राख होती. पाटील त्याच पावली शाळेत आले.

"सिष्टर, माही नात भांडे घासाले येते का इथं?"

"नाही पाटील, शिकायला येते. पण जेवते. जेवते तर ताट होते खरकटा."

"तुमचं मराठी राहू द्या. हा नियम आजच्या आज बंद करा."

"मी बंद करू शकत नाही. निर्णय माझी नाही, सभेची आहे. तुम्ही सभेत सांगा. उद्या आहे."

पाटलांना वाटलं, पोरांची सभा, दोन शब्दांत आटोपू. म्हणून दुसऱ्या दिवशी ते तरटावर बसले होते.

खिडकीचा विषय संपला. सुमन म्हणाली, "हं, बोला आबाजी."

पाटील बोलले, आणि चांगलं बोलले. घराण्याची रीत, वडीलधाऱ्यांचा मान, मुलींची नाजूक बोटं. कुणी मध्ये बोललं नाही. मग सुमनने विचारलं, "आबाजींच्या बाजूनं कोण?"

एकही हात वर गेला नाही. पाटलांनी नलूकडे पाहिलं. नलू पाटीवर काहीतरी लिहिण्यात गुंतली होती.

"ठरावाच्या बाजूनं?"

सगळे हात वर गेले. नलूचाही, कोपरापासून नीट सरळ.

पाटील उठले. चपला घालताना एवढंच म्हणाले, "येऊ द्या साहेबाले."

मी सिस्टरांना म्हटलं, "सिस्टर, इन्स्पेक्शनपुरता ठराव बाजूला ठेवू. एका ताटापायी पाचवी जाईल आणि सुमनच पहिली घरी बसेल."

सिस्टरांनाही ते कळत होतं. पण त्या म्हणाल्या, "भोयर बाई, साहेब येते म्हणून बंद केला, तर मुलं काय शिकेल?"

शेवटी देवतळे गुरुजींनी एक युक्ती काढली. साहेबांना सिस्टरांच्या घरी टेबलावर जेवू घालायचं. तिथे सभेचं राज्य नव्हतं. आम्ही तसंच ठरवलं.

साहेब आले. सफारी सूट, हातात काळी बॅग. पाटील सोबतच होते. वर्ग पाहिले, पाढे म्हणवून घेतले, पोरं फाडफाड बोलली. साहेब खूश झाले आणि तिथेच घोटाळा झाला. दलियाचा वास आला तसे ते म्हणाले, "अरे वा! आपण मुलांबरोबरच बसू की."

गुरुजींनी टेबलाचा विषय काढून पाहिला. साहेबांनी ऐकलं नाही. ते मुलांच्या पंगतीत बसले. नाइलाजाने पाटीलही बसले. दोघांनी दलिया खाल्ला, साहेबांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला. मग ताट तिथेच ठेवून साहेब हात धुवायला निघाले.

सुमन वाटेत उभी. "साहेब, तुमचं ताट राह्यलं."

"असू दे, कोणी उचलेल."

"कोणी नाई उचलत. ज्याचं त्यानं घासा लागते. राख टाकीजवळ हाये."

साहेबांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "हा कुणाचा हुकूम?"

"सभेचा."

"मुख्याध्यापिका कोण आहे इथे?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात त्यांचं खरकटं ताट होतं.

"ताबडतोब रद्द करा हे."

सिस्टर काही बोलायच्या आत मागून पाटलांचा आवाज आला. "ते होत नाई, साहेब."

साहेब वळले. मी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले.

"मी करून पाह्यलं," पाटील म्हणाले. "सभेत मांडा लागते. तरटावर बसा लागते. हात वर करा लागते. अन् मंग हरा लागते."

"तुम्ही हरलात? या मुलांपुढे?"

"सख्ख्या नातीनं पाडलं मले." पाटील खाली वाकले आणि त्यांनी स्वतःचं ताट उचललं. आजही मला नक्की सांगता येणार नाही, की त्यांना ठराव पटला होता की गावात हरलेला आपण एकटेच राहू नये असं वाटत होतं. दोन्ही असेल. "चला साहेब, राखेची जागा मले माहीत हाये."

पाटील आणि साहेब टाकीजवळ उकिडवे बसले. दोघांनाही घासता येत नव्हतं. सगळी शाळा गोल करून पाहत होती. सुमनने पाटलांचं ताट उजेडात धरलं आणि परत दिलं. "आबाजी, काठाले खरकटं हाये." साहेबांनी ते ऐकलं आणि आपला काठ दुसऱ्यांदा घासला. त्यांचं ताट पहिल्या फेरीत पास झालं. माणूस कितीही मोठा असो, पास झाला की चेहऱ्यावर दिसतं.

ऑफिसात चहा घेताना साहेबांनी बाहीवरची राख झटकली. "हे तुमचं जे आहे," ते शब्द शोधत म्हणाले, "त्याला कार्यानुभव म्हणतात. म्हणजे हाताने काम करून शिकणं. वरून परिपत्रक आलंय. कुठल्या शाळेत चाललेलं पाहिलं नव्हतं."

सिस्टर त्यांना पूरकतेचं तत्त्व समजावून सांगणार होत्या. देवतळे गुरुजी घाईघाईने मध्ये बोलले, "होय साहेब, कार्यानुभवच."

पाटलांना साहेबांनी विचारलं, शाळा कशी आहे? पाटील म्हणाले, "पोरं ऐकत नाईत. पण शाळा चांगली हाये."

जूनमध्ये पाचवी सुरू झाली. सुमन आणि नलू एकाच तरटावर बसत आणि रोज भांडत. देवतळे गुरुजींनी उपास सोडला. पुढे मी बऱ्याच शाळांत मुलांच्या सभा भरवल्या आणि अधिकाऱ्यांना त्याबद्दल भाषणंही दिली. भाषणात सांगण्यासारखं एकच होतं. मुलांना अधिकार दिला की ती तो खरा समजतात. खरा द्यायचा नसेल, तर त्यांना पाढेच म्हणायला सांगावं.