चौदा नंबरचं छप्पर

१० एप्रिल २०१७, सोमवार. एलॉय आर्मिहोच्या शर्टाच्या खिशात चौऱ्याऐंशी डॉलर होते. रात्रीचे चौदा, अशा सहा रात्रींचे. ईस्टरच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी पार्दो तलावाच्या सरकारी उद्यानात शिरायचं, पैशाचं पाकीट फाटकाजवळच्या लोखंडी नळकांड्यात टाकायचं आणि चौदा नंबरच्या मुक्कामाच्या जागेवर घडीची निळी खुर्ची मांडायची, हा त्याचा एकोणचाळीस वर्षांचा नेम होता.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच हा प्रकार. पण रुमालावरून भांडणं होतात; एलॉयच्या खुर्चीवरून कधी झाली नव्हती. तलावावर तंबू घेऊन येणाऱ्या सगळ्या घरांना माहीत होतं, निळी खुर्ची म्हणजे आर्मिहो.

बाकीच्या जागांवरची छपरं चार-सहा माणसांपुरती. चौदावरचं छप्पर दुप्पट लांब, बाजूला मेस्कीटचं झाड, नळही जवळ. एप्रिलचा वारा त्या उघड्या माळावर असा सुटतो, की बशीतल्या राजम्यात वाळू कचकचते. आळीपाळीनं का होईना, त्रेचाळीस माणसांची पंगत बसवायची तर दुसरी जागा नव्हतीच.

एलॉय अडुसष्ट वर्षांचा. तीस वर्षं रस्ते खात्यात माती सपाट करणारा ग्रेडर चालवून निवृत्त झालेला. बायको रोसाउरा सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, आणि मांस भाजायच्या शेगडीजवळ थोरली बहीण देल्फिना कुणाला फिरकू देत नसे. कुटुंबात त्याच्याकडे जागा धरायचं एकच काम होतं, आणि ते तो चोख करी.

नाताळात मात्र देल्फिनानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "तळ्यावरची यातायात आता होत नाही माझ्याच्यानं. रेनाल्डोनं लास क्रूसेसला नवं घर घेतलंय, मागं पोहायचा हौद आहे. यंदा चौदा नंबर मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर पुढच्या वर्षीपासून ईस्टर तिकडेच."

भाच्याच्या घराबद्दल एलॉयची काही तक्रार नव्हती. फक्त तिथं खुर्च्या आधीच मांडलेल्या असत. जागा धरायला कुणी लागत नसे.

आणि आज चौदा नंबरच्या खांबावर चिठ्ठी लटकत होती.

बर्निस तिथंच पाइप घेऊन झाडाला पाणी घालत होती. ओक्लाहोमातली ही निवृत्त बसचालक उद्यानात फुकट राही आणि त्याबदल्यात जागांची व्यवस्था बघे.

"ही चिठ्ठी कुणाची?" एलॉयनं विचारलं.

"वाच की. बुधवार ते सोमवार, राखीव. ट्वेटन, मिनेसोटा."

"अगं, पण माझी खुर्ची?"

"ऑक्टोबरात सांगितलं होतं ना तुला? चौदा नंबर आता कॉम्प्युटरवर गेलाय. सहा महिने आधी धरावा लागतो."

"मला वाटलं, ते बाहेरच्यांसाठी असेल."

"मग? बाहेरच्यानंच धरला ना!"

एलॉयनं खुर्ची उचलली. शेजारच्या पंधरा नंबरवर चौघांपुरतं छप्पर होतं. त्यानं तिथले सहा रात्रींचे पैसे भरले आणि देल्फिनाला फोन करायचा राहू दिला.

बुधवारी दुपारी एक पांढरा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, आला. आतून सत्तरीचा, उंच, टक्कल पडलेला माणूस उतरला. त्यानं तीन पायांची दुर्बीण काढली आणि पाण्याकडे तोंड करून उभी केली. एलॉय हात पुसत गेला.

"नमस्कार, मी शेजारचा. आर्मिहो."

"ऑर्विल ट्वेटन."

"म्हटलं कानावर घालावं, शनिवारी इथं त्रेचाळीस माणसं येतील."

"इथं?"

"म्हणजे... आसपास."

"असं होय." ऑर्विल दुर्बिणीचा स्क्रू पिळत होता.

"अकॉर्डियनही असतं. माझा भाचा वाजवतो. त्याला एकच गाणं येतं."

"असं होय."

"पंधरा नंबर तसा शांत आहे."

"मग बरंच झालं की मिस्टर आर्मिहो, तुम्ही तिथंच आहात."

एलॉय परत फिरला. 'जागा बदलता का?' एवढं विचारायचं होतं. पण पैसे भरून आलेल्या परक्या माणसाला तोंडावर कसं विचारायचं? त्यापेक्षा संध्याकाळी तो वाडगाभर राजमा आणि लाल मिरचीचा रस्सा घेऊन गेला.

"फार तिखट नाही ना?" ऑर्विलनं विचारलं.

"छे, हे लहान मुलांचं."

ऑर्विलच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं वाडगा तरीही निपटला, धुतला आणि परत आणून दिला.

गुरुवारी एलॉयनं हिरवी मिरची घालून बटाटे तळले, गरम पोळ्या भाजल्या आणि त्या देता देता पोरं तलावाशी कशी किंचाळतात याचं वर्णन केलं. शुक्रवारी उपास, मांस नाही. म्हणून अंड्याचे वडे रश्श्यात सोडून नेले आणि रात्री गाड्यांचे दिवे कसे डोळ्यांवर येतात ते सांगितलं. ऑर्विल मनापासून जेवला, त्यानं मनापासून ऐकलं, आणि एलॉयला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. पाण्यावर लांब मानेचे दोन पक्षी ताठ उभे राहून जोडीनं धावत होते. एलॉयनं ते जन्मभर पाहिले होते, पण इतक्या जवळून नाही.

"ह्यांच्यासाठी दोन हजार किलोमीटर आलात?"

"ह्यांच्यासाठीच आलो होतो," ऑर्विल म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी एलॉयनं शेवटचा उपाय केला. देल्फिनानं त्याच्याबरोबर पानोचा पाठवला होता, मोडाच्या गव्हाची दाट खीर. तिच्या हाताखाली दोन दिवस शिजलेली, शनिवारी सगळ्यांना वाटायची. एलॉयनं तो आख्खा डबा ऑर्विलपुढे ठेवला. डबा परत आला तेव्हा अर्धा होता, आणि ऑर्विल चौदा नंबरवर पूर्ण होता.

शनिवारी सकाळी सात वाजता अकरा गाड्यांची रांग धूळ उडवत आली. देल्फिना पहिल्या गाडीतून उतरली, तिनं कमरेवर हात ठेवून आधी कॅम्परकडे पाहिलं, मग भावाकडे.

"हे काय?"

"राखीव होतं. मिनेसोटाचा आहे. मी रोज जाऊन सांगितलं त्याला..."

"काय सांगितलंस?"

"आपण किती गोंगाट करतो ते."

"आणि जागा मागितलीस?"

एलॉय निळी खुर्ची पुसू लागला.

"मागितलीस का, एलॉय?"

"असं तोंडावर कसं मागणार गं?"

"आणि माझा पानोचा? अर्धा डबा कुठं गेला?"

देल्फिना तरातरा चौदा नंबरवर गेली.

"ओ साहेब! माझ्या भावाला तोंड नाही, म्हणून मी विचारते. जागा बदलता का?"

"बदलतो की," ऑर्विल म्हणाला.

सगळे बघतच राहिले. एलॉयनं टोपी काढून पुन्हा घातली. "मग बुधवारी का नाही बोललात?"

"तुम्ही विचाराल, याची वाट बघत होतो. बुधवारी विचारलं असतंत तर बुधवारीच दिली असती." ऑर्विलचे कान लाल झाले. "पण गुरुवारी बटाटे आले. मग म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबू. मी जागा सोडली असती तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता? बायको गेल्यापासून मी डबाबंद सूपच पितोय."

देल्फिना आधी गालात हसली, मग इतकी हसली की तिला मेस्कीटला धरावं लागलं.

"बटाटे सोलता येतात?"

"येतात."

"मग कुठं जाऊ नका. कॅम्पर तेवढा झाडामागं घ्या, टेबलं लावायची आहेत."

एका जागेवर इतक्या गाड्या चालत नाहीत. बर्निसनं आठ गाड्या बोटीच्या धक्क्याजवळ पाठवल्या आणि पाहुणे कुणाचे म्हणून विचारलं. जागा ऑर्विलच्या नावावर, म्हणून यजमानाच्या रकान्यात त्याची सही झाली. त्रेचाळीस आर्मिहो एका ट्वेटनचे पाहुणे म्हणून ईस्टर जेवले. रविवारी पोरांनी रिवाजाप्रमाणे कागदाचे रंगीत कपटे भरलेली अंड्यांची टरफलं डोक्याडोक्यांवर फोडली; टक्कल एकच असल्यानं त्याच्या वाट्याला जास्त आली. अकॉर्डियनचं ते गाणं संध्याकाळपर्यंत ऑर्विललाही पाठ झालं.

निघताना रेनाल्डोनं आठवण केली, "मावशी, पुढच्या ईस्टरला माझ्याकडे ना?"

"तुझ्या हौदात पोहायला जूनमध्ये येऊ," देल्फिना म्हणाली. "आणि एलॉय, या माणसाला कॉम्प्युटर येतो. याला सोडू नकोस."

"धरून ठेवलाय," एलॉय म्हणाला, आणि निळी खुर्ची मिटून त्यानं ऑर्विलच्या कॅम्परमध्ये ठेवून दिली.

सप्टेंबरच्या शेवटी ऑर्विलनं मिनेसोटाहून पुढच्या ईस्टरसाठी चौदा नंबर धरला. सहा रात्रींचे चौऱ्याऐंशी डॉलर एलॉयनं पोस्टानं पाठवले. बुकिंगचे वरचे बारा डॉलर तो ऑर्विलला अजून देणं लागतो.