वॉरंटी शाबूत राहिली

आमचा ट्रॅक्टर घरी आला आणि पहिल्याच दिवशी दारात अडकला. घराच्या नव्हे, गोठ्याच्या दारात. नवऱ्यानं मुरबाडहून तो स्वतः चालवत आणलेला, मी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फुटलेला, पेढे वाटून झालेले. सासरे म्हणाले, "आता आत बांद." बांध म्हणे! नवरा हसत हसत पुढे गेला आणि सायलेन्सरचं उभं नळकांडं दारावरच्या तुळईला ठण्णकन आपटलं. जमलेल्यांना हसू आवरेना. सासरे तेवढे हसले नाहीत. त्यांनी तुळईला हात लावून पाहिला, मग नळकांड्याला लावायला गेले आणि बोटं भाजून घेतली.

त्या गोठ्यात आदल्या हिवाळ्यापर्यंत बैलांची जोडी होती. सासऱ्यांचे गुडघे गेले, नवरा कंपनीत शिफ्टला, मी घर, शेत आणि शिवणाचं मशीन यांच्यामध्ये पळणारी. नांगर धरणार कोण? शेवटी म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत जोडी विकली. विकायचं सासऱ्यांनीच ठरवलं आणि दावीही त्यांनीच सोडली. ट्रॅक्टरला त्यांनी हो म्हटलं ते एकाच अटीवर. तो उघड्यावर राहणार नाही, पत्र्याच्या शेडमध्ये राहणार नाही. बैलांच्या जागी, बैलांच्या गोठ्यात राहील.

आणि त्यांची अट म्हणजे अट. आमच्याकडे भाताचं बी कुठलं घ्यायचं, पेरा कधी, कापणी कुठल्या तुकड्यापासून, हे आधी त्यांच्या तोंडून निघायचं आणि मग व्हायचं. नवरा कुरकुर करायचा, पण त्यांना विचारल्याशिवाय विळासुद्धा हातात घ्यायचा नाही. मला या सगळ्याचा कधी कधी राग यायचा. घरात मी पण माणूस आहे, मला पण डोकं आहे, असं वाटायचं. आता तो राग आठवला की वाईट वाटतं.

तर ट्रॅक्टर दारात अडकलेला. नवरा म्हणाला, "तुळई काडतो नि दार वर घेतो." सासरे म्हणाले, "तुळयेला हात लावाचा नाय. ती धुराडी काप." बाजारातल्या वेल्डिंगवाल्याला विचारलं तर तो कापायला एका पायावर तयार. म्हणाला, कापून खाली वाकवून देतो, चहा पिऊन होईपर्यंत काम झालंच समजा. नवरा निघालाही होता. मीच आडवी आले. माझं माहेर शहापूरकडचं, उंबरमाळीजवळचं. तिथे डोंगरात ट्रॅक्टर न्यायला धड वाट नाही, पण छापलेला कागद वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही, ही वडिलांची शिकवण. ट्रॅक्टरसोबत आलेली पुस्तिका मी वाचली होती. कंपनीच्या परवानगीशिवाय काही कापलं, जोडलं, वाकवलं की वॉरंटी रद्द, असं तीत स्पष्ट लिहिलेलं.

मग आम्ही तिघं ट्रॅक्टर घेऊन पुन्हा मुरबाडच्या शोरूमला. तिथल्या वर्कशॉपचा मुख्य मिस्त्री समजूतदार माणूस होता. म्हणाला, "बरं झालं आधी आलात. बाहेर कापून आणला असतात तर मी काही करू शकलो नसतो." मग त्यानं सांगितलं की कंपनीचंच एक खाली वळणारं सायलेन्सर येतं, फळबागवाल्यांसाठी. आंब्याच्या फांद्यांना लागू नये म्हणून ते चालकाच्या पायाखालच्या पाट्याच्या बाजूनं मागे जातं. ते वर्कशॉपमध्येच बसवायचं, पुस्तिकेत त्याची नोंद करायची, की वॉरंटी शाबूत.

सासरे बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "वारंटी वारंटी करताव, ती हाय काय?" मिस्त्री म्हणाला, "शब्द आहे, आजोबा. तुम्ही परस्पर काही बदल करायचा नाही, आणि बिघडलं तर आम्ही मागे सरायचं नाही." सासऱ्यांना हे एकदम पटलं. "शब्द हाय तर पाळू," म्हणाले. निघताना मिस्त्रीनं नवऱ्याला दोनदा बजावलं, की हे सायलेन्सर खाली असतं, तापतं, त्याच्याभोवती पेंढा आणि भुसा साचू द्यायचा नाही, काम झालं की झाडून घ्यायचं. त्या संध्याकाळी ट्रॅक्टर तुळईखालून अलगद आत गेला. सासऱ्यांनी गोठ्याचं दार लोटलं आणि आम्ही सगळे खूश होतो. खरंच खूश होतो.

पावसाळाभर काही तक्रार नव्हती. चिखलणी झाली, लावणी झाली, शेजाऱ्यांची दोन शेतंही नवऱ्यानं करून दिली. सासरे बांधावर छत्री घेऊन उभे राहायचे आणि ट्रॅक्टरला बैलासारखं "हां, फिर, फिर" करायचे. नवरा चिडायचा, पण फिरायचाही तिथेच. मग दिवाळी आली.

आमच्याकडे पाडव्याच्या सकाळी गुरं इस्तवावरून काढतात. बैलांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवायचे, शिंगं रंगवायची, गळ्यात झेंडूची माळ घालायची, वाटेत भाताच्या पेंढ्याचा जाळ करायचा आणि त्यावरून त्यांना उडवायचं. वर्षभराची इडापिडा जळाली, असं म्हणायचं. बैल काय, जाळ दिसला की जिवाच्या आकांतानं उडी मारतो, बघणाऱ्यांची तिरपीट. तो आमचा बैलांशिवायचा पहिलाच पाडवा होता. मी अंगण सारवून रांगोळी काढत होते, तेवढ्यात सासरे गेरूचं भांडं घेऊन गोठ्यात गेले. थोड्या वेळानं पाहते तर बॉनेटवर त्यांचे लाल पंजे उठलेले.

"बाबा, याला नाय रे काडाचा इस्तवावरून," नवरा म्हणाला. आमच्या घरात मुलगा बापाला तूच म्हणतो. "सायलेन्सर खाली हाय त्याचा."

"जो शेतात राबतो त्याला काडाचा. मंग तो कोनी का असंना."

बराच वेळ दोघांची जुंपली. वाडीतली माणसं आपापली गुरं घेऊन जमायला लागली होती, आणि चारचौघांत बापाला नाही म्हणणं नवऱ्याला जमेना. शेवटी तडजोड झाली. जाळावरून नाही, जाळ विझला की नुसत्या निखाऱ्यांवरून. आधी लोकांचे बैल उडाले. निखारे उरले. नवऱ्यानं ट्रॅक्टर चालू करून पुढे आणला. पुढची चाकं निखाऱ्यांच्या पार गेली, आणि सासऱ्यांना काय वाटलं कोण जाणे, जाळाशिवाय कसला शकुन म्हणून त्यांनी मूठभर पेंढा बाजूनं ट्रॅक्टरखाली सारला. तो भप्पकन पेटला. नवरा दचकला, त्याचा पाय क्लचवरून सटकला, आणि ट्रॅक्टर नेमका जाळावर बंद पडला.

आदल्या दिवशी त्याच ट्रॅक्टरनं मळणी झालेली. सणाच्या गडबडीत झाडायचं राहून गेलेलं. सायलेन्सरभोवती साचलेला भुसा पेटला, तिथून आग वायरींना लागली. आम्ही मातीनं, शेणपाण्यानं, हाताला येईल त्यानं ती विझवली. कोणाला काही झालं नाही. जळल्या त्या थोड्या वायरी आणि एक रबरी पाइप. बाजारातल्या मेकॅनिकनं दुपारपर्यंत जोडून दिलं असतं. पण बाहेरच्या माणसाचा हात लागला तर वॉरंटी गेली, आणि खरं सांगितलं तरी गेली, या भीतीनं नवऱ्याला घेरलं. त्यानं वर्कशॉपला फोन केला आणि सांगितलं, ट्रॅक्टर नुसता चालू उभा होता, खालून आपोआप धूर आला. तिकडून उत्तर आलं, की कंपनीचा माणूस येऊन जागेवर पाहील, तोवर हात लावू नका. नवऱ्यानं राख गोळा करून शेतात टाकली, बॉनेटवरचे पंजे पुसले. काळी पडलेली जागा मी सारवली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून सारवली.

भाऊबीज झाल्यावर तो माणूस आला. शर्ट खोचलेला, बोलायला नम्र. ट्रॅक्टरखाली आडवा होऊन त्यानं टॉर्च मारून पाहिलं, फोटो काढले. म्हणाला, "भुसा पेटलेला दिसतोय. कधीकधी क्लॅम्प ढिला राहतो, उष्णता बाहेर येते. तसं असेल तर आमची जबाबदारी." मी चहा घेऊन बाहेर आले. सासरे ओटीवर बसले होते. त्या माणसानं कप घेता घेता सहज त्यांच्याकडे वळून विचारलं, "आजोबा, तुम्ही होता का तेव्हा इथे? नक्की काय झालं?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते, मला आजही माहीत नाही. कदाचित त्यांनी मुलाचीच री ओढली असती. पण नवऱ्यानं ती वेळच येऊ दिली नाही. तो घाईघाईनं म्हणाला, "त्यांना नका विचारू साहेब. त्यांना ऐकू येत नाय. आणि आता काय समजत पन नाय."

जन्मभर ज्याला तू म्हटलं त्याला "त्यांना" म्हणाला. एवढा मान दिला तो नेमका अशा वेळी.

माझ्या सासऱ्यांचे कान असे, की दोन शेतांपलीकडे कोण खोकलं ते नावानिशी सांगतील. त्यांनी मुलाकडे पाहिलं. नवरा चहाच्या कपात बघत होता. मग सासऱ्यांनी सावकाश उजवा हात उचलून कानामागे धरला आणि त्या पाहुण्याला विचारलं, "काय म्हनलात?"

"काही नाही आजोबा, बसा," तो मोठ्यानं म्हणाला, आणि त्यानं पाहणीचा कागद पुरा केला. आठवड्याभरात नव्या वायरी आल्या, नवा पाइप आला, वर्कशॉपनं सगळं बसवून दिलं. वॉरंटी शाबूत राहिली.

तो माणूस येऊन गेला त्याच रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "बाबा, खळ्यावरचा पेंडा उद्या आनू का?" सासऱ्यांनी हात कानामागे नेला. "काय?" नवऱ्याला वाटलं, म्हातारा रुसला आहे, रुसवा निघेल चार दिवसांत. मलाही तसंच वाटलं. चार दिवस गेले, हिवाळा गेला, पुढचा पेरा आला. बी कुठलं घ्यायचं म्हणून नवरा ओटीवर उभा राहून ओरडून विचारायचा, अख्ख्या वाडीला ऐकू जायचं, आणि सासरे मान डोलवून म्हणायचे, "तुमाला वाटंल तसा करा. माला आता काय समजतं." नवऱ्यानं स्वतःच्या मनानं बी आणलं. पीक बरंच आलं. पण बांधावर छत्री घेऊन कोणी उभं नव्हतं.

माझ्याशी ते नीट बोलतात. मी चुलीपाशी बसून हळूच विचारलं, "बाबा, भाकर अजून टाकू?" तर ओटीवरून उत्तर येतं, "नको गो, पुरे झाली." हे नवऱ्यालाही ठाऊक आहे. मी एकदा त्याच्यावर खूप चिडले. म्हटलं, इंजिनाची हमी सांभाळलीस आणि माणूस घालवलास. तो म्हणाला, "तू पन सारवलंसच ना." खरं सांगायला हवं होतं, एवढंच आता वाटतं. वॉरंटी गेली असती तर गेली असती. मेकॅनिक गल्लोगल्ली मिळतो.

यंदाच्या मळणीच्या दिवशी खळ्यावरची माणसं अंगणात चहा पीत बसली होती. नवरा हात धुऊन ओटीवर आला आणि बापाच्या शेजारी, अगदी खेटून बसला. मी दारात कपबशा घेऊन उभी होते. तो खाली बघत, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "बाबा, माझा चुकला. त्या दिशी मी तुला तसा बोलाया नको होता."

सासऱ्यांनी त्याच्याकडे तोंड वळवलं. हात कानामागे गेला. "काय?"

अंगणातली बोलणी थांबली. सगळे आमच्याकडे बघायला लागले. वर्षभर या ओटीवरून ओरडणाऱ्या माझ्या नवऱ्यानं तोंड उघडलं, माणसांकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. तो तसाच बसून राहिला, आणि सासरे कानामागे हात धरून वाट बघत राहिले.