आरतीचं शांत बाळंतपण आन् माझं ध्यान

शांतपणानं बाळंत व्हायचं असंल तर आधी घरातल्या म्हातारीचं तोंड बंद करावं लागतं, ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली. कारण ती म्हातारी मीच व्हते.

आरती मपली नात, पोराची पोरगी. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. नांदूरघाटच्या पलीकडं आमची वस्ती. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत खरी, पर माहेरात आई तर पाहिजे! तिचे आई-बाप दिवाळी झाली की ऊस तोडायला सांगलीकडं गेलते. सून फोनवर लई रडली, "मी येते" म्हणली. पर ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. एक जण उठून आला की कोयता मोडला, आन् मोडलेला कोयता मुकादम ठेवीत न्हाई. मंग घरात उरलं कोण? मी आन् एक शेळी. शेळीबी गाभणीच.

आरती येताना दोन पिशव्या घेऊन आली. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत वह्या. मी म्हणलं, "परीक्षा हाय का काय?"

"आजी, कोर्स हाय. शांत बाळंतपणाचा. फोनवर एक मॅडम शिकवतात. श्वास कसा घ्यायचा, मन कसं खुश ठेवायचं, सगळं."

"श्वास मला येतो घेता."

"तसा नाही गं! पोटातून."

मी पोटातून घेऊन पाहिला. खोकला आला.

(शेळी आरतीच्या पंधरा दिवस आधी मोकळी झाली. तिनं कंचाच कोर्स केला न्हवता. पर हे मी बोलले न्हाई, कारण तवर मला बोलायची बंदी झालती.)

बंदी अशी झाली. त्या मॅडमचं म्हणणं, पोटुशीच्या कानावर भ्यायच्या गोष्टी पडू द्यायच्या न्हाईत. 'कळ' हा शब्दबी घरात नको. कळ आली की 'लाट आली' म्हणायचं. मी म्हणलं, "बाई, आपल्या नळाला आठ दिवसाला पाणी येतं. लाट कुठून आणू?" पर आरतीनं ऐकलं न्हाई. खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिवलं आन् दाराला टांगला.

"काय लिवलंस?" मी इचारलं. मला वाचता येत न्हाई.

"इथं बाळंतपणाच्या भीतीच्या गोष्टी सांगू नका."

"झ्याक केलंस. शेजारची गया लई बोलती."

"आजी," आरती म्हणली, "तो तुझ्यासाठी लावलाय."

आता आलं का! जिला वाचता येत न्हाई तिच्यासाठी पाटी!

तरी मी मनावर घेतलं. गया रोज दुपारी यायची. आली की ओट्यावर टेकायची बी न्हाई, उभ्यानंच सुरू. "मावशी, माझ्या नणंदेचं काय झालतं म्हायतीय का? पोर आडवं..." एवढं म्हणली की मी तिच्या हातावर शेंगदाणे ठेवायचे. दाणे चावताना माणूस बोलत न्हाई. "आन् ती केजची माझी मावसबहीण, तिला तर तीन दिवस..." लगेच दुसरी मूठ. आठ दिवसात माझं शेंगदाण्याचं गाडगं रिकामं झालं. गयाला खोड लागली. ती दारातूनच "आडवं पोर" म्हणायची आन् हात पुढं करायची!

मी हरले ते गयामुळं न्हाई. माझ्याच तोंडानं हरले.

त्याचं असं, की मपली एक गोष्ट हाय. आरतीच्या बापाच्या बाळंतपणाची. ती मी पन्नास वर्षं सांगत आले. उसाच्या फडात व्हते, मोळ्या बांधत व्हते, पोट दुखाया लागलं. पाचटाच्या कोपीत, म्हंजी आमच्या झोपडीत गेले, एकटीच बाळंत झाले, तोंडातून ब्र काढला न्हाई, आन् तिसऱ्या दिवशी परत मोळी उचलली. ही गोष्ट मी लग्नात सांगितली, मयतीत सांगितली, बँकेच्या रांगेत सांगितली. दाणे सरले त्या दिवशी गया बसली व्हती, हाताला काही न्हाई, मंग तोंडाला काहीतरी पाहिजे म्हणून मीच सुरू केली. "...तोंडातून ब्र काढला न्हाई!" असं म्हणून मागं पाहिलं, तर आरती दारात. डोळ्यात पाणी.

गया उठली. जाताना पाटीकडं बोट दाखवून गेली. तिला तरी कुठं वाचता येतं!

"काय झालं गं?" मी इचारलं.

"आजी, मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतीय," आरती म्हणली. "तू रडली नाहीस. तू ओरडली नाहीस. मला तसं नाही जमणार. मला लई भ्या वाटतंय. म्हणून तर कोर्स लावला."

पोरगी मॅडमचं ऐकून नवं खूळ करतीया असं मी समजत व्हते. आन् ते खूळ मी लावलेलं! पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर मिरवले, तिलाच माझी नात पोटुशी असताना भेली.

मंग मी तिला खरं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं न्हवतं. तिच्या आज्याला ठाव व्हतं, पर तो बिचारा गेला.

"आरती, मी ओरडले व्हते."

"किती?"

"लई. पहिल्याच कळीला... लाटेला... मी अशी ओरडले की कोपीबाहेर जुंपलेली बैलं बुजली आन् भरल्या गाडीसकट पळाली. तुझा आजा त्यांच्या मागं पळाला. मी मायच्या नावानं हाका मारीत व्हते आन् तो बैलाच्या. बैलं सापडली दोन कोसावर. तो परत आला तवर तुझा बाप आंघोळ करून बसला व्हता."

आरतीला असं हसू फुटलं की पोट धरून खाली बसली. मी भेले, म्हणलं आताच व्हती का काय!

हसून झाल्यावर तिनं इचारलं, "मग तुझ्याजवळ कोण होतं, आजी?"

"कोणच न्हाई."

मंग माझा हात तिनं तिच्या हातात घेतला. "माझ्याजवळ तू बस. मला दुसरं काही नको. हात धरून बस, आन् काय बी झालं तरी सोडू नको."

"न्हाई सोडत," मी म्हणलं.

बोलून तर बसले. दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकच माणूस बसू देतात, ते माणूस म्हणजे मी. आन् त्या माणसाला म्हणे शिकावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की आमचा अभ्यास. सतरंजी टाकायची, भिंतीला टेकून बसायचं, आरती फोनवर मॅडमचं रेकॉर्डिंग लावायची. मॅडमचा आवाज असा गोड, जसा कोणी डोक्याला तेल लावतंय. "डोळे मिटा... कपाळ सैल सोडा... जबडा सैल सोडा... खांदे..."

खांद्याच्या पुढं मॅडम काय म्हणायच्या ते मला आजपावेतो ठाव न्हाई.

माझा काय दोष? जन्मभर मला कुणी "अंग सैल सोड" म्हणलंच न्हाई. आई म्हणायची "आवर", सासू म्हणायची "उरक", मुकादम म्हणायचा "ए, बसली कावून?" गाडीवर ऊस भरला की त्याच्यावर चढून कारखाना येईस्तोवर मिळंल तेवढी झोप, ती बी दोरी हाताला गुंडाळून, न्हाईतर खाली पडायचं. आन् इथं एक शिकलेली बाई रोज दुपारी मला मायेनं सांगती, सैल सोड म्हणून. मी सोडायचे!

आरतीला वाटायचं मी ध्यानात जाते. फोनवर मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं. "माझी आजी दोन मिनिटात खोल जाती बघ. मला इतके दिवस झाले, जमत नाही. आन् तो शेवटी भुंग्यासारखा आवाज काढायचा असतो ना, तो तर आजी पहिल्यापासून काढती."

कंचा भुंगा, मला काय ठाव! पर पोरगी कौतुक करती म्हणल्यावर मी मान हालवली. एक खरं सांगून मी आधीच हलकी झालते, लगेच दुसरं सांगायची घाई न्हवती.

दिवस भरले. एका सकाळी मी चूल पेटवीत व्हते, तर आरती मागून येऊन हळूच म्हणली, "आजी, लाटा सुरू झाल्यात." अशी म्हणली, जसं 'दूध उतू चाललंय' म्हणावं. मी मातर उभी राहिले ती फुकणी हातात घेऊन तशीच अंगणात, तिथून रस्त्यावर, तिथून गयाच्या दारात. "गया, लाटा!" गयाला काही कळंना. तिनं हात पुढं केला.

ॲम्ब्युलन्स आली. आरती आपल्या पायानं चालत आली, हसत, दम मोजत. मागून मी. पदर घसरलेला, घामानं भिजलेली, कपाळाला राख. डायवरनं आम्हा दोघीला पाहिलं आन् माझ्याच दंडाला धरलं. "आजी, भिऊ नका, झोपा आधी इथं."

"अरे बाबा, मला न्हाई, हिला!"

"हिला काय झालंय?"

"हिचंच समदं झालंय!"

दवाखान्यात सिस्टर व्हत्या, वयानं मोठ्या, चष्मा नाकावर. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "ह्या बसणार जवळ? घाबरल्या तर मी कोणाला बघू?"

"सिस्टर, माझी आजी सगळं शिकलीय," आरती म्हणली. तिचा चेहरा आता पांढरा पडलता. हसू गेलतं. "मला तीच पाहिजे."

तवा मला कळलं की पोरगी भेलीय, आन् भ्या दाबून धरलंय. मी खुर्ची ओढली, तिच्या उशाला बसले, तिचा हात धरला. उसाची मोळी धरावी तसा घट्ट. मनात म्हणलं, आज काय बी होऊ दे, ही पोरगी माझ्यासारखी एकटी पडणार न्हाई. एक लाट आली. आरतीनं दात आवळले. मी म्हणलं, "मी हाय, बाळा." ती म्हणली, "आजी, फोन लाव." सिस्टरनं फोन लावून उशीजवळ ठेवला.

"डोळे मिटा," मॅडम म्हणल्या. "कपाळ सैल सोडा... जबडा सैल सोडा... खांदे..."

पुढचं मी ऐकीव सांगते.

मला जाग आली ती लेकराच्या रडण्यानं. डोळे उघडले तर खिडकीतलं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलतं, आन् सिस्टर माझ्या बोटाशी झटत व्हत्या. "आजी, हात सोडा आता! पोरीला तिचं लेकरू घेऊ द्या!" एकेक बोट उचलून त्यांनी माझी पकड सोडवली. सुटला न्हवता हात. तेवढं मी पहिलं पाहिलं. आरतीच्या मनगटावर माझी चारी बोटं उमटली व्हती.

पोरगी झालती. लाल, वळवळती, आवाज थेट माझ्यावर गेलेला. आरतीच्या छातीवर ठेवली आन् गप झाली. आरती रडत व्हती, हसतबी व्हती. म्हणली, "आजी, मी मधी लई भेले होते. वाटलं आता नाही जमत. डोळे उघडून बघितलं, तर तू तशीच! एवढी शांत! आन् तुझा तो भुंग्याचा आवाज... एकदा वर, एकदा खाली. मी मग फोन बंद करायला सांगितला. तुझ्याच आवाजावर श्वास घेत गेले."

मी वरच्या पंख्याकडं पाहिलं. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं.

बाहेरच्या बाकड्यावर त्यांनी मला गाठलं. "आजी, तुम्ही तीन तास घोरत होतात."

"सिस्टर, तिला सांगू नका."

"अहो, मी तर तांब्या भरून आणला होता तुमच्या तोंडावर मारायला," त्या म्हणल्या. "पण बघितलं तर पोरगी तुमच्या घोरण्यावर दम घेतीय. घोरणं थांबलं की तिचं बिघडायचं. म्हणून मग पाणी मीच प्याले."

संध्याकाळी पोराचा फोन आला, फडातून. मागं सुनेचं हुंदके देणं ऐकू येत व्हतं. "माय, कसं झालं?"

"शांत झालं."

"आरतीला लई तरास झाला का?"

"मी जवळच व्हते. मला तरी काही आवाज आला न्हाई."

"माय, तू हायस म्हणून आमी निवांत हाव," पोरगं म्हणलं. मी म्हणलं, "व्हय बाबा, मीबी निवांतच व्हते."

आरतीला मी पंधरा दिवसांनी सांगितलं. वाटलं रुसंल. तिनं लेकरू मांडीवरून हालवलं न्हाई, नुस्तं म्हणली, "हात तर नाही ना सोडलास." पर गावात कुणाला सांगितलं न्हाई तिनं, आन् तिथंच घोटाळा झाला. आता वस्तीत कुणाची सून पोटुशी राहिली की निरोप मला. परवा गया आली, खाली बसली, लई अदबीनं म्हणली, "मावशी, आमच्या सुनेजवळ तुमीच बसा. तुमच्यावाणी शांत बसणारं दुसरं कुणी न्हाई बघा."

मी हो म्हणलं. एकच अट घातली, की त्या दिवशी सकाळपासून मला कुणी चहा पाजायचा न्हाई.